कपभर केक, चमचाभर कॉफी

मराठी स्वयंपाकघरातील मापे बहुधा हातातच असतात. चिमूटभर हिंग, मूठभर शेंगदाणे, सुपारीएवढा गूळ आणि अंदाजाने मीठ, एवढ्या भांडवलावर घरची सुगरण पंगतीच्या पंगती उठविते. आमटी पातळ झाली तर ती आटविता येते, भाजी अळणी लागली तर वरून मीठ घालता येते. पदार्थ शेगडीवर असेपर्यंत दुरुस्तीला वाव राहतो. केकचे तसे नाही. ओव्हनचे दार बंद झाले की करणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. जे बरोबर वा चूक व्हायचे ते आधीच होऊन गेलेले असते. म्हणूनच हौसेने आणलेला ओव्हन दोन बसक्या केकनंतर माळ्यावर जातो, असे अनेक घरांत घडते.

यावर सोपा उपाय म्हणजे मोठ्या केकऐवजी लहान कपांतील केकने श्रीगणेशा करणे. दोन अंड्यांच्या मिश्रणात आठ केक होतात, वीस मिनिटांत निकाल कळतो आणि चूक झालीच तर नुकसान थोडक्यात आटोपते. त्यात कॉफीचा स्वाद घातला की पाहुण्यांपुढे ठेवण्याजोगा पदार्थ तयार होतो. मात्र त्यासाठी अंदाज बाजूस ठेवून मापाची सवय लावून घेतली पाहिजे.

'कप' म्हणजे नेमके किती?

या केकच्या नावातच मापाची गोष्ट दडलेली आहे. अमेलिया सिमन्स यांच्या 'अमेरिकन कुकरी' या १७९६ मधील पुस्तकात लहान कपांत भाजावयाच्या हलक्या केकची कृती आढळते. पुढे १८२८ मध्ये एलायझा लेस्ली यांनी आपल्या पाकपुस्तकात 'कप केक' हे नाव योजिले, ते जिन्नस कपाने मोजले जात म्हणून. अशा रीतीने कप हे भांडेही झाले आणि मापही झाले. त्याआधीचा प्रसिद्ध 'पाउंड केक' वजनावर चाले : मैदा, साखर, लोणी आणि अंडी, प्रत्येकी एक पाउंड.

आपल्याकडे घोटाळा होतो तो याच शब्दापाशी. पाककृतीतील कप साधारण २४० मिलिलिटरचा असतो, तर घरातील चहाचा कप पुष्कळदा १५० मिलिलिटरच्या आतबाहेर भरतो. मैदा एका कपाने आणि दूध दुसऱ्या कपाने मोजले की प्रमाण बिघडलेच. चमच्याचेही तसेच. लहान चमचा ५ मिलिलिटरचा व मोठा १५ मिलिलिटरचा असतो, आणि दोन्ही सपाट भरावयाचे असतात. शक्य असल्यास स्वयंपाकघरातील लहान वजनकाटा घ्यावा. पावसाळ्यात दमट झालेला मैदा कपात दाबून बसतो, पण काटा त्याचेही वजन दाखवितो.

कॉफीची निवड

भारतात कॉफी आली ती सतराव्या शतकात. बाबा बुडन यांनी येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरात रुजविल्या, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. आजही देशातील सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते. कोडगू, चिकमगळूर व हासन हे तेथील प्रमुख जिल्हे होत.

दक्षिणेतील घरांत फिल्टरमधून उतरविलेल्या दाट काढ्याचे महत्त्व मोठे असले, तरी केकसाठी तो फारसा सोयीचा नाही. हवा तितका स्वाद येण्यासाठी काढा बराच घालावा लागतो आणि त्याबरोबर नको तितके पाणी मिश्रणात शिरते. झटपट विरघळणारी कॉफी येथे उपयोगी पडते, कारण थोडक्या पाण्यात भरपूर स्वाद मावतो. डबा घेताना वेष्टन वाचावे. कॉफी व चिकोरीच्या मिश्रणात नियमानुसार किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते, म्हणजेच चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते. चिकोरी हे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ. ते पेयाला दाटपणा व गडद रंग देते, पण त्यात कॉफीचा सुगंध नसतो. केकसाठी शक्यतो निव्वळ कॉफी घ्यावी. मिश्रण असल्यास प्रमाण थोडे वाढवावे.

साहित्य (सुमारे ९० मिलिलिटरच्या ८ कपांसाठी)

मैदा १०० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, मऊ लोणी १०० ग्रॅम, अंडी २, बेकिंग पावडर १ लहान चमचा, झटपट कॉफी २ लहान चमचे, कडकडीत गरम पाणी १ मोठा चमचा, दूध १ मोठा चमचा. बाजारातील पिवळे लोणी बहुधा खारवलेले असते. ते वापरल्यास वेगळे मीठ नको. घरचे पांढरे लोणी घेतल्यास त्यातील ताक व पाणी नीट काढून टाकावे आणि चिमूटभर मीठ घालावे. मिठामुळे कॉफीचा कडवटपणा सौम्य होतो.

कृती

ओव्हन १८० अंश सेल्सिअसवर दहा मिनिटे तापत ठेवावा. कॉफी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून थंड करावी. कोरडी पूड थेट लोण्यात घातली तर ती विरघळत नाही आणि केकमध्ये कडू काळे ठिपके राहतात. मैदा व बेकिंग पावडर एकत्र दोनदा चाळून घ्यावी. लोणी व साखर पाच-सात मिनिटे, रंग फिकट होऊन मिश्रण हलके होईपर्यंत फेटावी. अंडी एकेक करून घालावी व प्रत्येक वेळी फेटावे. मिश्रण फाटल्यासारखे दिसले तर चमचाभर मैदा घालावा, ते सावरते. आता कॉफी घालावी. शेवटी मैदा व दूध घालून हलक्या हाताने, कोरडा मैदा दिसेनासा होईपर्यंतच कालवावे. कप दोन तृतीयांश भरावेत आणि १८ ते २० मिनिटे भाजावेत. मध्यभागी खुपसलेली काडी कोरडी निघाली की केक झाला. भाजताना कॉफीचा काही सुगंध वाफेबरोबर निघून जातो. तो परत मिळविण्यासाठी एक लहान चमचा कॉफी व दोन लहान चमचे साखर दोन मोठे चमचे गरम पाण्यात विरघळवून ते पाणी गरम केकवर हलकेच लावावे.

अंडे न खाणाऱ्यांसाठी प्रमाण वेगळे आहे : मैदा १२० ग्रॅम, दही १५० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, तेल ७० मिलिलिटर, खाण्याचा सोडा पाव लहान चमचा, बेकिंग पावडर पाऊण लहान चमचा, कॉफी व ती विरघळविण्याचे पाणी वरीलप्रमाणेच, दूध मात्र नको. प्रथम दही, साखर, तेल व कॉफी एकजीव करावी आणि नंतर चाळलेले कोरडे जिन्नस कालवावेत. दह्यातील आम्लामुळे सोडा लगेच कामाला लागतो, म्हणून हे मिश्रण ठेवून न देता ताबडतोब ओव्हनमध्ये घालावे. सोडा जास्त झाला तर केकला साबणासारखी चव येते.

कपाच्या आत काय घडते?

लोणी व साखर फेटताना साखरेचे कण लोण्यात हवेचे असंख्य बारीक बुडबुडे अडकवितात. बेकिंग पावडरमध्ये खाण्याचा सोडा, आम्लधर्मी क्षार व थोडे पिष्ट असते. ओलावा व उष्णता मिळताच तिच्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि हे बुडबुडे फुगवितो. १८४३ मध्ये इंग्लंडमधील आल्फ्रेड बर्ड यांनी अशी पावडर तयार केली. त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे, हे त्यामागील निमित्त होते.

बुडबुडे फुगत असतानाच अंड्यातील प्रथिने घट्ट होऊ लागतात, मैद्यातील पिष्ट पाणी शोषून फुलते आणि केकला आधार मिळतो. हा आधार तयार होण्यापूर्वी दार उघडले तर आत थंड हवा शिरते व केक मध्यभागी खचतो. म्हणून पहिली पंधरा मिनिटे दाराला हात लावू नये. बेकिंग पावडर जास्त झाली तरी तोच परिणाम होतो, कारण बुडबुडे आधार मिळण्याआधीच फुटतात. मैदा घातल्यावर फार घोटले तर ग्लूटेनचे धागे बळकट होऊन केक चिवट बनतो. लहान कपांचा मोठा गुण हा की उष्णता मध्यापर्यंत लवकर पोहोचते. त्यामुळे कडा करपून मधला भाग कच्चा राहण्याचा धोका कमी असतो.

कप निवडताना

येथे काटकसर करू नये. चहाच्या टपरीवर मिळणाऱ्या कागदी पेल्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. ते ओव्हनमध्ये कदापि ठेवू नयेत. केकसाठी मिळणारे चुणीदार कागदी कप धातूच्या साच्यात बसवून वापरावेत. चिनी मातीचे कप वापरायचे तर ते ओव्हनसाठी योग्य असल्याची खात्री करावी. स्टीलच्या लहान वाट्यांना आतून लोणी लावून मैदा भुरभुरला की त्याही छान चालतात, परंतु मायक्रोवेव्हच्या साध्या पद्धतीत धातूचे भांडे वर्ज्य आहे.

ओव्हन नसल्यास जाड बुडाची कढई घ्यावी, आत स्टीलची जाळी ठेवून झाकणासह मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावी आणि वाट्या जाळीवर ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटे भाजाव्यात. वरून तांबूस रंग येणार नाही, पण केक मऊ होतो.

बदलीच्या गावी

बँकेच्या नोकरीत बदल्या ठरलेल्याच, आणि त्यांबरोबर स्वयंपाकघराचे हवामानही बदलते. नागपूरच्या मे महिन्यात लोणी मऊ न राहता वितळते, आणि वितळलेल्या लोण्यात हवा टिकत नाही. ते थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून मगच फेटावे. दिल्लीच्या जानेवारीत उलट ते आधी तासभर बाहेर काढून ठेवावे लागते. सुमारे २,२०० मीटर उंचीवरील सिमल्यास हवेचा दाब कमी असल्याने वायू अधिक प्रसरण पावतो; तेथे बेकिंग पावडर किंचित कमी करावी. जुनी कृती नव्या गावी फसली तर हात बिघडला असे समजण्यापूर्वी तेथील हवा पाहावी.

लहान मुले व झोपेची तक्रार असणारे ज्येष्ठ यांचाही विचार असावा. वरील प्रमाणात एका केकमध्ये अंदाजे १० ते १५ मिलिग्रॅम कॅफीन येते. वरून कॉफीचे पाणी लावल्यास थोडे अधिक. पेलाभर कॉफीच्या मानाने हे बरेच कमी असले, तरी असे केक रात्रीऐवजी दुपारी दिलेले बरे.

हिशेबाची वही

हात बसला की शेजारीपाजारी मागणी करू लागतात आणि अनेक गृहिणींच्या मनात विक्रीचा विचार येतो. येथेही माप हवेच. जिन्नसांची किंमत आठाने भागली म्हणजे केकची किंमत निघाली, असे नाही. १,२०० वॅटचा ओव्हन अर्ध्या तासात सुमारे ०.६ युनिटपर्यंत वीज घेतो. कागदी कप, खोका, बिघडलेले नग आणि सर्वांत सहज विसरला जाणारा आपला स्वतःचा वेळ, हे सारे वहीत मांडावे. आपला वेळ फुकट धरून ठरविलेला भाव पुढे वाढविणे कठीण जाते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्या लहान व्यावसायिकालाही नोंदणी आवश्यक आहे. ओव्हन वा अन्य साधनांसाठी भांडवल हवे असल्यास ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्जाची तरतूद आहे. मात्र कर्ज घेण्यापूर्वी महिनाभराच्या विक्रीची नोंद हाती असावी.

पहिल्या खेपेलाच आठही केक सारखे फुगतील असे नाही. एखादा बसेल, एखाद्याला तडा जाईल. त्या दिवशीचे माप, ओव्हनचे तापमान व लागलेला वेळ यांची दोन ओळींत नोंद करावी आणि पुढच्या वेळी त्यांतील एकच गोष्ट बदलून पाहावी. चार-पाच खेपांत आपल्या ओव्हनचा स्वभाव कळतो, आपला कप ठरतो. मग लेकीसुनेने कृती विचारली तर 'अंदाजाने घाल' असे न सांगता वहीचे ते पानच तिच्या हाती देता येईल.