मतदाराची ओळख आणि मताचा हक्क

निवडणुकीच्या दिवशी गावोगावच्या प्राथमिक शाळांना मतदान केंद्राचे स्वरूप येते, आणि तेथील टेबलांमागे बसणाऱ्या अधिकाऱ्यांत प्राथमिक शिक्षकांचा भरणा मोठा असतो. समोर आलेला मनुष्य यादीत नाव असलेला तोच मतदार आहे, अशी खात्री करून घेणे हे पहिल्या मतदान अधिकाऱ्याचे काम होय. ही खात्री कशी करावी, कोणता कागद मागावा आणि कागद नसल्यास काय करावे, हे प्रश्न दिसावयास लहान आहेत. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेली वीस वर्षे याच प्रश्नांवरून विधिमंडळांत, न्यायालयांत आणि वृत्तपत्रांत मोठा वाद चालू आहे. नागरिकशास्त्र शिकविणाऱ्या आणि मतदानाचे काम करणाऱ्या शिक्षकबंधुभगिनींना हा वाद दोन्ही बाजूंनी समजलेला असावा, या हेतूने त्याची येथे मांडणी केली आहे.

वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेत आपल्या निवडणूक आयोगासारखी सर्व देशाची निवडणूक चालविणारी एकच संस्था नाही. प्रत्येक राज्याचा निवडणूक कायदा निराळा असतो आणि प्रत्यक्ष व्यवस्था बहुधा स्थानिक अधिकारी पाहतात. सर्व नागरिकांना सक्तीने दिले जाणारे राष्ट्रीय ओळखपत्रही तेथे नाही. मोटार चालविण्याचा परवाना हाच तेथील सामान्य माणसाचा नित्याचा छायाचित्र-पुरावा होय. साहजिकच जो मोटार चालवीत नाही, त्याच्यापाशी असा पुरावा नसण्याचा संभव अधिक असतो.

या वादाला एक जुनी जखमही आहे. सन १८७० मधील पंधराव्या घटनादुरुस्तीने वर्णाच्या कारणावरून कोणाचाही मताधिकार नाकारता येणार नाही, असे ठरले होते. तथापि दक्षिणेकडील राज्यांनी कायद्यात वर्णाचा उल्लेख न करता कृष्णवर्णीयांना दूर ठेवण्याच्या युक्त्या शोधल्या. मतदानासाठी कर बसविला आणि साक्षरतेची परीक्षा लावली. परीक्षा कोणाची कशी घ्यावयाची आणि उत्तीर्ण कोणास ठरवावयाचे, हे नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे. आपण शिक्षक ज्या अक्षरज्ञानाला माणसाच्या उन्नतीचे साधन मानतो, त्याचाच तेथे अडसर करण्यात आला.

सन १९६४ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने संघराज्याच्या निवडणुकांतील मतदान-कर रद्द झाला आणि १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या निवडणुकांतूनही तो काढून टाकला. सन १९६५ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या स्वाक्षरीने मताधिकार कायदा अस्तित्वात आला. ज्या भागांत पूर्वी भेदभाव झाला होता, तेथे निवडणुकीचा कोणताही नियम बदलण्यापूर्वी केंद्राची संमती घेणे त्याने आवश्यक केले. परिणाम किती झाला पाहा. मिसिसिपी राज्यात मतदार म्हणून नोंदलेल्या कृष्णवर्णीय प्रौढांचे प्रमाण या कायद्यापूर्वी सुमारे ७ टक्के होते. १९६७ पर्यंत ते सुमारे ६० टक्क्यांवर गेले.

हा इतिहास लक्षात घेतला नाही, तर एका साध्या ओळखपत्रावरून तेथे एवढा क्षोभ का उसळतो, हे आपणास उमगणार नाही.

कायद्याच्या बाजूचे म्हणणे

छायाचित्र असलेले ओळखपत्र सक्तीचे करावे असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद सरळ आहे. एका माणसाने दुसऱ्याच्या नावावर मत दिले, तर खऱ्या मतदाराचे मत लुटले जाते. मतदार याद्यांत मृतांची आणि गाव सोडून गेलेल्यांची नावे पुष्कळ काळ राहतात. अशा नावांवर तोतयेगिरी होऊ शकते. बँकेत किंवा विमानतळावर ओळखपत्र दाखविण्यास कोणी कुरकुर करीत नाही, मग मतदानासारख्या महत्त्वाच्या कार्यात ते का नसावे, असा त्यांचा सवाल आहे. शिवाय निवडणूक प्रामाणिक असून भागत नाही, ती प्रामाणिक आहे असा लोकांचा विश्वासही असावा लागतो.

हे म्हणणे केवळ एका पक्षाचे नाही. माजी अध्यक्ष जिमी कार्टर आणि माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर हे दोन विरोधी पक्षांतील नेते अध्यक्ष असलेल्या आयोगाने २००५ साली छायाचित्र-ओळखपत्राची शिफारस केली होती. मात्र ती पत्रे विनामूल्य द्यावीत, लोकांच्या घरापर्यंत पोहोचवावीत आणि सक्ती क्रमाक्रमाने आणावी, असेही आयोगाने सांगितले होते. लोकमताच्या अलीकडील चाचण्यांत चारांपैकी तीनहून अधिक अमेरिकन नागरिक अशा कायद्याला अनुकूल दिसतात. पन्नासांपैकी पस्तिसाच्या आसपास राज्ये आज कोणते ना कोणते ओळखपत्र मागतात. परंतु कोठे ते नसल्यास प्रतिज्ञापत्रावर भागते, तर कोठे मुळीच भागत नाही.

विरुद्ध बाजूचे म्हणणे

विरोधकांचा पहिला प्रश्न असा, की ज्या रोगावर हे औषध आहे तो रोग मुळात आहे किती? जस्टिन लेव्हिट या कायद्याच्या प्राध्यापकांनी २००० ते २०१४ या काळातील मतदानाची छाननी केली. शंभर कोटींहून अधिक मतपत्रिकांमागे प्रत्यक्ष केंद्रावर येऊन केलेल्या तोतयेगिरीच्या विश्वसनीय घटना त्यांना सुमारे ३१ आढळल्या. एका मतासाठी तुरुंगाची जोखीम पत्करणारा मनुष्य विरळाच, असे ते सांगतात. जे गैरप्रकार खरोखर घडतात, ते बहुधा टपालाच्या मतपत्रिकांत घडतात. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एका मतदारसंघाची २०१८ ची निवडणूक अशाच गैरप्रकारामुळे २०१९ मध्ये पुन्हा घ्यावी लागली. केंद्रावर ओळखपत्र मागितल्याने असा प्रकार थांबत नाही.

दुसरा मुद्दा अडचणीचा. ओळखपत्र विनामूल्य मिळाले, तरी ते मिळविण्यासाठी जन्माचा दाखला लागतो आणि त्याला शुल्क पडते. कचेरी दूर असते आणि रोजगार बुडवून तेथे जावे लागते. दक्षिणेकडील अनेक वृद्ध कृष्णवर्णीयांचा जन्म घरी सुईणीच्या हातून झाला व त्याची नोंदच झाली नाही. वृद्ध, गरीब, अपंग आणि विद्यार्थी यांच्यावर ही झळ अधिक बसते. सन २००८ मध्ये इंडियाना राज्यातील एका मठातील सुमारे बारा वृद्ध जोगिणींना मत न देता परतावे लागले. त्यांची वये ऐंशी-नव्वदीची होती. ओळखपत्र मागणारी मतदान अधिकारी त्याच मठातील भगिनी होती. समोर कोण उभे आहे हे तिला पूर्ण ठाऊक होते. परंतु कायद्याला हवा होता तो कागद.

कोणते ओळखपत्र चालेल, याची यादीही पक्षपाती असू शकते. टेक्सास राज्याच्या २०११ च्या कायद्याने पिस्तूल बाळगण्याचा परवाना ग्राह्य धरला. राज्याच्याच विद्यापीठांनी विद्यार्थ्यांना दिलेले ओळखपत्र मात्र अग्राह्य ठरविले.

न्यायालयांचे निर्णय

सन २००८ मध्ये इंडियानाच्या कायद्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी प्रमुख निकालपत्र लिहिले आणि सहा विरुद्ध तीन मतांनी कायदा टिकला. केंद्रावरील तोतयेगिरीचा एकही पुरावा इंडियानातून पुढे आलेला नाही, हे निकालपत्रात मान्य केले होते. तरीही ती रोखण्याचा राज्याचा हेतू योग्य आहे आणि बहुसंख्य मतदारांवर पडणारा भार मोठा नाही, असे न्यायालयाने ठरविले. सन २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने मताधिकार कायद्यातील पूर्वसंमती कोणत्या भागांना लागू करावयाची हे ठरविणारे कलम पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केले. त्याच दिवशी टेक्सासने आपला अडून राहिलेला कायदा अमलात आणण्याचे जाहीर केले.

पुढे टेक्सासच्या प्रकरणात सुमारे ६ लाख नोंदणीकृत मतदारांपाशी ग्राह्य ओळखपत्र नाही, असे न्यायालयाला २०१४ मध्ये आढळले. त्या कायद्याचा परिणाम भेदभावाचा आहे, असे वरिष्ठ न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटले. तेव्हा २०१७ मध्ये राज्याने दुरुस्ती केली. खरी अडचण असणाऱ्या मतदाराने तसे प्रतिज्ञेवर लिहून द्यावे व दुसरा साधा कागद दाखवून मत द्यावे, अशी सोय झाली. नॉर्थ कॅरोलायनाचा २०१३ चा कायदा तर हेतुतःच भेदभावाचा आहे, असे ठरवून २०१६ मध्ये रद्द झाला. तेथील मतदारांनी २०१८ मध्ये कौल देऊन ओळखपत्राची अट राज्यघटनेत घातली आणि २०२३ पासून ती अमलात आहे.

सरासरी आणि व्यक्ती

आकड्यांनी दोन्ही पक्षांची काहीशी निराशा केली आहे. तोतयेगिरी फार थोडी आढळते, हे वर आलेच. दुसरीकडे, २००८ ते २०१८ या काळातील देशव्यापी माहितीवरून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की या कायद्यांमुळे एकूण मतदान लक्षणीय प्रमाणात घटले नाही. तेव्हा मोठे संकट टळले, हेही सिद्ध होत नाही आणि मोठा अनर्थ झाला, हेही सिद्ध होत नाही.

तथापि शिक्षकाला सरासरीच्या मर्यादा सांगावयास नकोत. हजेरीपटाची सरासरी ९५ टक्के असली, तरी रोज गैरहजर राहणारे एक मूल त्या आकड्याआड लपून राहते. ब्रिटनमध्ये मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांत प्रथमच छायाचित्र-ओळखपत्र सक्तीचे झाले. तेव्हा केंद्रावर येऊन परत पाठविलेले आणि पुन्हा न आलेले मतदार सुमारे १४,००० होते. हे प्रमाण शेकडा पाव टक्का, म्हणजे अल्प. परंतु परत गेलेल्या प्रत्येकाचा हक्क मात्र पुरता शंभर टक्के बुडाला. मताधिकार हा समूहाच्या सरासरीला दिलेला नसून एकेका माणसाला दिलेला असतो.

आपल्याकडील रीत

आपल्या देशाने १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी प्रौढांना मताधिकार दिला. त्या वेळी साक्षरतेचे प्रमाण शेकडा १८ च्या आसपास होते. अक्षर न ओळखणाऱ्यांसाठी चिन्हे योजली. परंतु ओळखीचा प्रश्न तेव्हाही आलाच. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगून स्वतःचे नाव न दिल्यामुळे सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीत राहू शकली नाहीत.

छायाचित्र-ओळखपत्राचा प्रयोग १९६० साली कलकत्त्यातील एका लोकसभा पोटनिवडणुकीसाठी झाला. पण सर्व मतदारांची छायाचित्रे घेता आली नाहीत व तो पुढे गेला नाही. सन १९९३ मध्ये टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना देशभर अशी पत्रे देण्याचा आदेश निघाला. अमेरिकेहून महत्त्वाचा फरक असा, की येथे ती तयार करून देण्याची जबाबदारी निवडणूक यंत्रणेने स्वीकारली. पत्र जवळ नसल्यास आधार, रोजगार हमीचे कार्डपत्र, छायाचित्र असलेले बँक वा टपालाचे पासबुक, छायाचित्रासह निवृत्तिवेतनाचा कागद इत्यादी पर्याय आयोगाने ठरवून दिले आहेत.

केंद्रावर काम करणाऱ्या शिक्षकांनी तीन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात. मताचा हक्क यादीतील नावाने मिळतो. नुसते ओळखपत्र असून यादीत नाव नसेल, तर मत देता येत नाही. दुसरे असे, की मतदाराची ओळख पटत असेल तर ओळखपत्रातील नावाच्या शुद्धलेखनासारख्या किरकोळ चुकांवरून त्याला अडवू नये, अशा आयोगाच्या सूचना आहेत. तिसरे असे, की एखाद्याच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल आणि खरा मतदार मागून आला, तर ओळखीची खात्री करून त्याला प्रदत्त मतपत्रिका द्यावयाची असते. त्याला रिकाम्या हाताने परत पाठवावयाचे नसते.

शाळेतील दाखला

या प्रश्नाचे मर्म आपल्याच व्यवसायातील एका नियमात सापडते. मुलाला शाळेत घालताना वयाचा पुरावा मागितला जातो आणि तो मागणे योग्यही आहे. परंतु २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने असे स्पष्ट केले आहे, की वयाचा पुरावा नाही एवढ्या कारणावरून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. नोंद चोख असावी, पण नोंदीच्या अभावी हक्क मरू नये, हे त्यामागील तत्त्व होय. ऊसतोडणीसाठी फिरणाऱ्या कुटुंबातील मूल दारात उभे असता ‘आधी दाखला आणा’ म्हणून त्याला परत लावणे हे कायद्याविरुद्ध आहे, आणि धर्माविरुद्धही.

मतदानाच्या ओळखपत्रालाही हीच कसोटी लावावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पुरावा मागण्यात अन्याय नाही. परंतु जे शासन पुरावा मागते, त्यानेच तो प्रत्येकाला विनामूल्य व सुलभ रीतीने मिळवून दिला पाहिजे. पुराव्याची यादी विस्तृत व निःपक्षपाती ठेवली पाहिजे. आणि जो खरोखर अडला आहे, त्याच्यासाठी एक वाट उघडी राखली पाहिजे. या तीन अटी पाळल्या, तर बराचसा वाद शमतो. त्या पाळल्या नाहीत, तर तोच कागद मतदान-कराचे किंवा साक्षरतेच्या परीक्षेचे रूप धारण करतो.

वरच्या वर्गांत हा विषय शिकविताना शिक्षकांनी स्वतःचे मत प्रथम सांगू नये. वर्गाचे दोन गट करून एकाकडे खोटे मत रोखण्याची आणि दुसऱ्याकडे खऱ्या मतदाराला न गमावण्याची जबाबदारी द्यावी. शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुकीसाठी दोन्ही गटांना मान्य होतील असे चार नियम त्यांच्याकडून लिहवून घ्यावेत. दुसऱ्या दिवशी गटांच्या जबाबदाऱ्या पालटाव्यात आणि तेच नियम पुन्हा तपासावयास सांगावेत. आदल्या दिवशी सोपा वाटलेला कोणता नियम आज अन्यायाचा वाटतो, हे मुले आपणहून सांगू लागतील. आणि ते त्यांनी का सांगितले, हे फळ्यावर लिहून ठेवावे.