‘घर’, ‘घरी’ आणि इंग्रजीचा तास

महाराष्ट्रातील मराठी शाळांतून सन २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाऊ लागले. तेव्हापासून घर, दार, भिंत, खिडकी हे शब्द खेड्यातील मुलांच्या कानावर फार लवकर पडतात. चित्राच्या तक्त्यावर बहुधा धुराडे असलेले, पुढे हिरवळ राखलेले घर असते. मुले त्याच्या भागांची नावे धडाधड म्हणून दाखवितात. परंतु ‘आता आपल्या घराविषयी तीन वाक्ये सांगा’ असे म्हणताच वर्ग गप्प होतो. शब्द येत नाहीत एवढेच त्याचे कारण नसते. ज्याचे घर कुडाचे आहे, जो ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर कोपीत राहून आला आहे, किंवा ज्याचे बिऱ्हाड पालात आहे, त्या मुलाला आपले घर त्या चित्राशेजारी ठेवण्याचाच संकोच वाटतो. हा संकोच वाढावा की निवावा, हे शिक्षक कोणता शब्द आधी देतात यावर पुष्कळ अवलंबून असते.

म्हणून पहिला शब्द सर्वांसाठी एकच असावा : ‘हाऊस’. वाडा असो, पत्र्याची खोली असो वा कोपी असो, मुलाने ‘धिस इज माय हाऊस’ असेच म्हणावे. ‘हट’, ‘टेंट’ हे शब्द पुढे वर्णनाच्या ओघात येऊ द्यावेत. ते कोणा एका मुलाकडे बोट दाखवून शिकविणे अगदी अनुचित होय. शिवाय घरांच्या नावांची प्रतिष्ठा काळाप्रमाणे बदलत आली आहे, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. मराठीत बंगला म्हटला की श्रीमंताचे प्रशस्त घर डोळ्यांपुढे येते. इंग्रजांनी ‘बंगलो’ हा शब्द घेतला तो बंगाली धाटणीच्या साध्या, एकमजली, गवताने शाकारलेल्या घरावरून. विलायतेत आजही तो शब्द एकमजली घरालाच लावतात. ‘कॉटेज’ हे पूर्वी गरीब शेतमजुराचे खोपट होते. आज त्याच नावाने तेथे हौशी लोक मोठी किंमत मोजून घर घेतात आणि छपरावरील गवत मुद्दाम राखतात. कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यांवर माती लिंपलेली जी कुडाची भिंत आपल्याकडे दिसते, तशीच विणलेल्या फांद्यांची व मातीने लिंपलेली भिंत इंग्लंडच्या खेड्यांत शतकानुशतके होती. तिला ‘वॉटल अँड डॉब’ म्हणतात. कुडाच्या घरातील मुलाला हे कळले, तर ‘मड वॉल’ म्हणताना त्याचा आवाज खाली जाणार नाही.

‘हाऊस’नंतर ‘होम’ येतो आणि बहुतेक वर्गांत येथेच घोटाळा होतो. ‘होम म्हणजे जेथे माया असते ते घर’ असा काही तरी अर्थ सांगून वेळ मारून नेली जाते. तो अर्थ खोटा नव्हे, परंतु वाक्य करताना मुलाला त्याचा उपयोग होत नाही. खरे पाहता हा भेद मराठी मुलाच्या जिभेवर आधीपासूनच आहे. ‘बाबा घरी आहेत’ असे तो म्हणतो आणि ‘मांजर घरात शिरले’ असेही म्हणतो. मांजर घरी शिरले असे तो कधीही म्हणणार नाही. ‘घरी’ म्हणजे ‘ॲट होम’, आणि ‘घरात’ म्हणजे ‘इन द हाऊस’. एवढी जोडी फळ्यावर मांडली की पुष्कळ काम होते. ‘मी घरी जातो’ या वाक्यात घराला ‘ला’ किंवा ‘कडे’ लागत नाही, तसेच इंग्रजीतही ‘आय गो होम’ म्हणतात, मध्ये ‘टु’ येत नाही. ‘आय गो टु होम’ ही जुनी चूक मराठीच्याच आधाराने दुरुस्त करता येते.

‘जमीन’ या शब्दाची गोष्ट मात्र उलट आहे. येथे मराठीचा एक शब्द इंग्रजीच्या तिघांचे काम करतो. घरात आजी बसते ती जमीन ‘फ्लोअर’. अंगणात गोट्या खेळतात ती ‘ग्राउंड’. आणि वडिलांची दोन एकर आहे ती ‘लँड’. हे तीन शब्द एकाच तासाला द्यावेत, पण मुलांना प्रत्यक्ष आत, बाहेर आणि शेताच्या बांधापर्यंत नेऊन द्यावेत.

काही शब्द दोन्ही भाषांत नात्याने जवळचे आहेत. ‘डोअर’ आणि संस्कृत ‘द्वार’ ही एकाच मुळाची भावंडे, आणि आपले ‘दार’ त्या द्वाराचेच रूप. ‘विंडो’ शब्दाच्या मुळाशी जुन्या नॉर्स भाषेतील ‘वाऱ्याचा डोळा’ असा समास आहे. संस्कृतात खिडकीला ‘गवाक्ष’ म्हणतात, म्हणजे गाईचा डोळा. दोन दूरच्या लोकांना भिंतीतील भोक पाहून डोळाच आठवावा, याची मुलांना मौज वाटते आणि शब्द ध्यानात राहतो.

ओसरी, पडवी, माजघर, माळवद, देवळी यांना एकास एक इंग्रजी शब्द शोधीत बसू नये. ओसरीला ‘व्हरांडा’ चालेल, अंगणाला ‘यार्ड’ व परसाला ‘बॅकयार्ड’, गोठ्याला ‘काऊशेड’. माळवदाला ‘अ फ्लॅट रूफ ऑफ अर्थ’ असे सरळ वर्णन पुरे. माजघर ‘द मिडल रूम’ म्हटले तरी बिघडत नाही. एकाच खोलीच्या घरात स्वयंपाकघर नसते, चूल कोपऱ्यात असते. तेथे ‘किचन’ची सक्ती न करता ‘वुई कुक इन द कॉर्नर’ हे वाक्य द्यावे. ते खरे असल्यामुळे मूल ते विसरत नाही.

अधिक सावधपणा हवा तो इंग्रजी वाटणाऱ्या मराठी शब्दांविषयी. बैठकीच्या खोलीला आपण ‘हॉल’ म्हणतो, इंग्रजीत ती ‘लिव्हिंग रूम’. आपली ‘गॅलरी’ म्हणजे तेथील ‘बाल्कनी’. ‘ब्लॉक’ म्हणजे ‘फ्लॅट’. घरकुलावर ‘स्लॅब पडला’ ही आनंदाची वार्ता शब्दशः इंग्रजीत नेली, तर ऐकणारा धावत मदतीला येईल! तेथे ‘द हाऊस हॅज अ काँक्रीट रूफ’ म्हणावे. खाटेवरून गेलेली ‘कॉट’ आपल्याकडे मोठ्यांची, विलायतेत ती तान्ह्या मुलाची.

शब्द किती द्यावेत, हाही प्रश्न आहे. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली साध्या इंग्रजीसाठी अवघ्या ८५० शब्दांची यादी केली. तीत घर, दार, भिंत, छप्पर, खिडकी, भांडे, टोपली, बादली यांचे शब्द आहेत. आरंभी एवढे पुरतात. धुराडे आणि शेगडीचा कट्टा यांना वर्षभर थांबता येईल.

नामांपेक्षा घरातील कामांची क्रियापदे अधिक उपयोगी पडतात, आणि ती कृतीसह शिकविता येतात. सारवण्याला एक शब्द नाही. ‘मदर स्मीअर्स द फ्लोअर विथ काऊ डंग’ असे पूर्ण वाक्यच द्यावे. चूल पेटविणे ‘लाइट द स्टोव्ह’, झाडणे ‘स्वीप’, दळणे ‘ग्राइंड’. आणि ‘ड्रॉ’ तर मुलांना चित्रकलेच्या तासापासून ठाऊक असतो. आपण चित्रही काढतो आणि विहिरीतून पाणीही काढतो. इंग्रजीतही दोन्हीला ‘ड्रॉ’च. पाटीवर प्रथम विहिरीचे चित्र काढवावे, मग दोर ओढण्याचा अभिनय करीत ‘आय ड्रॉ अ वेल, आय ड्रॉ वॉटर’ असे म्हणवून घ्यावे. ज्याच्या दारी नळ आहे त्याने ‘टॅप’ म्हणावे, आणि ज्याला पाणी दुरून आणावे लागते त्याने ‘माय सिस्टर अँड आय फेच वॉटर’ असे सांगावे.