मस्तिष्क-मेरुद्रव गळती व तिचे तातडीचे उपचार

मेरुरज्जूभोवतीच्या दृढतानिकेस (सर्वांत बाहेरील जाड आवरणास) छिद्र पडून आतील मस्तिष्क-मेरुद्रव झिरपू लागला म्हणजे उद्भवणारी विकृती. प्रौढ व्यक्तीत हा द्रव सु. १५० मिलि. असून दररोज सु. ५०० मिलि. नवा तयार होतो. मेंदू त्यात तरंगत असतो; द्रव घटताच तो खाली खचतो आणि आवरणे व नीला ताणल्या जातात. यास ‘अल्प मस्तिष्कदाब’ म्हणतात. परंतु पुष्कळ रुग्णांत मोजलेला दाब प्राकृत (सर्वसाधारण) आढळत असल्याने हे नाव काहीसे फसवे आहे.

उभे राहिल्यावर वाढणारी व आडवे होताच ओसरणारी डोकेदुखी हे प्रमुख लक्षण होय. मान ताठरणे, मळमळ, कानांत आवाज व द्विदृष्टी हीही लक्षणे आढळतात. सिझेरियन इ. शस्त्रक्रियांसाठी कमरेत सुई टोचून दिलेल्या भुलीनंतर हा विकार पुष्कळदा दिसतो. या भुलीचे जनक आउगुस्ट बीर यांनी १८९८ मध्ये स्वतःवरच प्रयोग करवून घेतला, तेव्हा त्यांनाही ही डोकेदुखी जडली. मणक्याच्या अस्थिकंटकाने आवरण फाटूनही गळती होते. द्रव थेट नीलेत जाण्याचा प्रकार २०१४ मध्ये वर्णिला गेला.

सौम्य विकार विश्रांती व भरपूर पेयांनी बरा होतो. गुंगी वाढणे, बेशुद्धी किंवा दृढतानिकेखाली रक्त साचणे ही मात्र आणीबाणी होय. येथे नेहमीचे उपचार घातक ठरू शकतात : मेंदूतील दाब वाढल्यास डोके उंच ठेवतात, गळतीत ते सखल ठेवावे लागते, गळती न बुजविता केवळ साचलेले रक्त काढल्यास रुग्ण आणखी खालावू शकतो. ठाकुर्लीसारख्या उपनगरातून अशा रुग्णास मुंबईस नेताना लोकलगाडीत बसविणे अयोग्य. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून सपाट निजवूनच न्यावे.

मुख्य उपचार ‘रक्त-ठिगळ’ हा होय. रुग्णाचेच सु. २० मिलि. रक्त निर्जंतुक रीतीने दृढतानिकेबाहेरील पोकळीत सोडतात. त्याच्या दाबाने आराम लवकर पडतो व गुठळीने छिद्र बुजते. जेम्स गॉर्मली यांनी १९६० मध्ये ही पद्धती प्रसिद्ध केली. रुग्ण बेशुद्ध असल्यास आवरणाच्या आत लवणद्राव सोडून वेळ मिळवितात. ठिगळ निष्फळ ठरल्यास एमआरआय इ. तपासण्यांनी जागा निश्चित करून शस्त्रक्रिया करतात. गळती बंद झाल्यावर काहींत दाब उलट वाढतो. मग आडवे झाल्यावर डोके दुखते. अशा वेळी पुन्हा ठिगळ देत नाहीत.