पाऊच आधी, नाव नंतर

कोल्हापूर, शाहूपुरी. दुसरा मजला, वैशाखाची दुपार. डोक्यावर पंखा घरघरतोय, वारा लागतोय तो फक्त फायलींना. बाकावर पाच-सहा जण, प्रत्येकाच्या मांडीवर कागदांची पिशवी.

आतल्या टेबलाशी गुऱ्हाळवाले दोघे भाऊ. गूळ पावडरीची प्रायव्हेट लिमिटेड काढायचीय. थोरल्यानं पाऊच छापूनच आणलाय, पिवळाधमक, वर ठसठशीत नाव. कंपनी सेक्रेटरी मॅडम तो बाजूला ठेवतात आणि पोर्टल उघडतात. स्क्रीनवर चक्र फिरत राहतं. यादी येते. त्या नावाची कंपनी आधीच आहे.

‘‘मग मधे कोल्हापूर घालूया की.’’

‘‘गावाचं नाव घालून भागत नाही, दादा.’’

‘‘एक ए वाढवतो.’’

‘‘उच्चार तोच ना?’’

धाकटा आकडा सुचवतो. थोरला डॉट कॉमवर येतो. मॅडम कंपनी स्थापना नियमांतल्या नियम 8ची चुरगळलेली प्रत पुढे सरकवतात. नियम 2014चे, हा 2019मध्ये बदललेला. बोट एकेका उदाहरणावर थांबतं. ‘थंडर सर्व्हिसेस’ आणि ‘थंडर 11 सर्व्हिसेस’ एकच. ‘रवी बिल्डर्स अँड कॉन्ट्रॅक्टर्स’मधले शब्द मागेपुढे केले तरी तेच. ‘डिस्क’चं स्पेलिंग सीनं करा नाहीतर केनं, नाव एकच. ‘डिस्को’ मात्र वेगळं. बाकावर हशा पिकतो. नियम लिहिणाऱ्याला बाजार कळत असणार. गिऱ्हाईक स्पेलिंग कुठं बघतं?

‘‘त्या आधीच्या कंपनीनंच हरकत नाही म्हटलं तर?’’

‘‘त्यांच्या संचालक मंडळाचा ठराव आणा.’’

दोघे भाऊ एकमेकांकडे बघतात. चहा येतो. घाम पुसत थोरला हिशेब विचारतो. फी 1000 रुपये, एका अर्जात दोन नावं, त्रुटी निघाली तर दुरुस्तीची एकच संधी. मॅडम आता ट्रेडमार्कची यादी उघडतात. पुन्हा चक्र. बाकावरची रांग जागची हलत नाही.

शेवटी आजीचं नाव आणि मळ्याचं नाव जोडून एक शब्द तयार होतो. दोन्ही याद्यांत काही सापडत नाही. मंजूर झालं, तर 20 दिवस राखून.

‘‘म्हणजे पक्कं?’’

तसंही नाही. नोंदणी झाल्यावरही 3 वर्षांपर्यंत ट्रेडमार्कचा मालक अर्ज करू शकतो. नाव बदलायचा आदेश निघाला की हातात 3 महिने. तेवढ्यात बदललं नाही, तर कंपनीचं नाव पुसून तिथं ‘ओआरडीएनसी’ ही अक्षरं, साल आणि अनुक्रमांक येतात. ते पाऊचवर छापून गूळ विकून दाखवा.