छायाग्रस्त आवारातील लहान सौर संचाचे नियोजन : कर्जत व खालापूर तालुक्यांच्या संदर्भात

सह्याद्रीच्या माथ्यावरील पाऊस तलावांत साठवून तो पायथ्याशी उतरविताना वीज निर्माण करणारी दोन जुनी वीजगृहे या भूभागात आहेत. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. पहिले आज खालापूर तालुक्यात येते, दुसरे कर्जत तालुक्यात. या व्यवस्थेचे सारे गणित साठ्यावर आधारलेले आहे. पावसाळ्यात भरलेला तलाव पुढील कोरड्या महिन्यांत उपयोगी पडतो. घरगुती सौर संचाची गोष्ट नेमकी उलट आहे. त्याची बॅटरी एका दिवसाची, फार तर दोन दिवसांची वीज साठविते. वैशाखातील ऊन श्रावणासाठी राखून ठेवणे तिला शक्य नाही. म्हणून अशा संचाचे माप वर्षाच्या सरासरीवरून न ठरविता सर्वांत अडचणीच्या महिन्यावरून ठरवावे लागते. आवारात झाडांची व डोंगराची सावली असेल, तर तो महिना कोणता, हाच प्रश्न प्रथम सोडविणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

डोंगराची सावली व झाडाची सावली

या तालुक्यांच्या पूर्वेस सह्याद्रीचा कडा आहे. घरापासून २ किलोमीटरवर ५०० मीटर उंचीची डोंगररांग असेल, तर ती क्षितिजापासून सुमारे १४ अंश आकाश झाकते. २१ डिसेंबर रोजी तेवढे वर येण्यास सूर्याला उदयानंतर तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. ही हानी मोठी भासते. वस्तुतः निरभ्र दिवशी सपाट पृष्ठावर पडणाऱ्या एकूण ऊर्जेत या तासाचा वाटा शेकडा तीनहूनही कमी असतो. याउलट, मध्याह्नाच्या दोन्ही बाजूंचे दीड-दीड तास मिळून त्या दिवसाची सुमारे दोन-पंचमांश ऊर्जा पडते. सावली किती तास पडते यापेक्षा कोणत्या तासांत पडते, हे महत्त्वाचे आहे.

येथील अक्षांश सुमारे १८.९ उत्तर आहे. त्यामुळे २१ डिसेंबरला मध्याह्नीच्या सूर्याची उंची केवळ ४७.७ अंश असते. पॅनेलच्या दक्षिणेस १२ मीटर उंचीचा आंबा आहे व पॅनेल जमिनीपासून ४ मीटर उंच छपरावर आहे, असे समजू. झाडाचा ८ मीटरचा भाग विचारात येतो व त्याची सावली मध्याह्नी उत्तरेस सुमारे ७.३ मीटर, तर तीन तास आधी वायव्येस सुमारे १४.४ मीटर पोहोचते. मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस मात्र सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, आणि या दोन तारखांच्या दरम्यान मध्याह्नी तो उत्तरेकडे असतो. तेव्हा हाच आंबा मध्याह्नीचे थेट ऊन अडवीत नाही. साग व आंबा यांतही भेद करावा लागतो. सागाची पाने उन्हाळ्याच्या सुमारास गळतात, आंबा बारमाही छाया देतो.

अंशतः पडणाऱ्या सावलीचा परिणाम तिच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात नसतो. पॅनेलमधील घट एका माळेत जोडलेले असल्याने एकच घट झाकला गेला तरी साऱ्या माळेचा प्रवाह खालावतो. यावर उपाय म्हणून पॅनेलमध्ये सहसा तीन बायपास डायोड असतात. झाकलेला तृतीयांश भाग वगळून उरलेला भाग चालू राहतो. दोन पॅनेलांवर वेगवेगळ्या वेळी सावली येत असेल, तर ती एकाच माळेत न जोडणे श्रेयस्कर.

मोजणी

नियोजित जागी छपरावरच डिसेंबर, मार्च व जून या तीन महिन्यांच्या २१ तारखेच्या सुमारास दर तासाला सावलीच्या कडा खडूने आखाव्यात. घड्याळाबाबत एक दक्षता हवी. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची आहे व कर्जत सुमारे ७३.३ रेखांशावर आहे. म्हणून येथील मध्याह्न सरासरीने ३७ मिनिटे उशिरा होतो. घड्याळात बारा वाजता घेतलेली नोंद मध्याह्नाची समजणे चूक होय.

उदाहरण

चार ९ वॅटचे दिवे ५ तास, दोन ३० वॅटचे बीएलडीसी पंखे १० तास, आणि राउटर व मोबाइल यांसाठी २२० वॅट-तास, अशी एकूण रोजची गरज १,००० वॅट-तास, म्हणजे एक युनिट होते. फ्रीज व पंप यांत धरलेले नाहीत. ही गरज पूर्ण उन्हाचे तास, संचाची कार्यक्षमता आणि छायागुणक, म्हणजे सावली वजा जाता उरणारा अंश, यांच्या गुणाकाराने भागली की पॅनेलची क्षमता मिळते. कार्यक्षमता ०.७ धरू.

सावली न मोजता, वार्षिक सरासरी ५ तास धरली, तर उत्तर २८६ वॅट येते. आता डिसेंबर पाहू : ऊन ५ तास, परंतु आंब्यामुळे छायागुणक ०.५, उत्तर ५७१ वॅट. जुलैत ढगांमुळे ऊन ३ तासच धरावे लागते. मात्र तेव्हाचा प्रकाश साऱ्या आकाशातून विखुरलेला येतो व झाड त्यातील पाचवा हिस्साच झाकते, म्हणून गुणक ०.८, उत्तर ५९५ वॅट. हिवाळ्यातील सावली व पावसाळ्यातील ढग यांची मागणी जवळजवळ समान निघते, आणि ती सरासरीवरून काढलेल्या मापाच्या दुप्पट आहे. २८६ वॅटचा संच घेणाऱ्या कुटुंबाला उन्हाळ्यात काही उणे भासणार नाही. वादळी रात्री तारा तुटल्यावर मात्र त्याची बॅटरी अर्धीच भरलेली असेल.

एका दिवसाच्या साठ्यासाठी, इन्व्हर्टरची कार्यक्षमता ०.९ धरून, लिथियम बॅटरी (वापर शेकडा ८०) सुमारे १,४०० वॅट-तासांची, तर शिसे-आम्ल बॅटरी (वापर शेकडा ५०) सुमारे २,२०० वॅट-तासांची लागेल. सलग ढगाळ दिवसांत पंख्यांचा वापर कमी करणे हाही नियोजनाचाच भाग समजावा.

काही व्यावहारिक मर्यादा

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचे अनुदान वीजजाळ्याशी जोडलेल्या संचास मिळते. परंतु जाळ्याशी जोडलेला साधा इन्व्हर्टर वीज जाताच, तारांवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी, आपोआप बंद पडतो. अंधारात दिवा हवा असेल, तर बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टरच घ्यावा लागतो. पॅनेलचा उतार १० अंशांहून कमी नसावा, अन्यथा पाने व शेवाळ साचते. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाचा अनुभव ध्यानी घेता चौकटीची पकड छपराच्या पत्र्यावर नव्हे, तर मूळ सांगाड्यावर असावी.

राहिला प्रश्न झाडाचा. आंबा, फणस, साग, जांभूळ हे वृक्ष १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. ते परवानगीवाचून तोडता येत नाहीत. वरील उदाहरणात तर तसे करण्याचे प्रयोजनही उरत नाही. आंबा समूळ नाहीसा केला, तरी जुलैसाठी ४७६ वॅट लागतातच. म्हणजे झाडाची खरी किंमत सुमारे १२० वॅटचे जादा पॅनेल, एवढीच आहे. दाट छायेत, जेथे गुणक ०.३ च्या खाली जातो, तेथे पॅनेल वाढविण्यापेक्षा गोठ्याचे छप्पर किंवा आवारातील मोकळा कोपरा शोधणे इष्ट. निर्णय कोणताही असो, तो कुऱ्हाडीपूर्वी खडूने आखलेल्या रेषांवरून व्हावा.