विश्लेषण : ‘श्रेक’मधील राजा-राणी प्रत्यक्षात कोण?

‘श्रेक २’ (२००४) या अॅनिमेशनपटातील राजाचे नाव हॅरल्ड, तर राणीचे लिलियन. ही नावे हॉलीवूडमधील हॅरल्ड आणि लिलियन मायकेलसन या दाम्पत्यावरून ठेवण्यात आली. चार दशकांहून अधिक काळ अनेक गाजलेल्या चित्रपटांना या दोघांचा हात लागला; प्रेक्षकांना मात्र त्यांची नावे माहीतच नव्हती.

हॅरल्ड काय करत?
हॅरल्ड ‘स्टोरीबोर्ड’ काढत. पटकथेतील प्रसंग कॅमेऱ्यातून कसा दिसेल, हे चित्रीकरणाआधीच रेखाटून दाखवण्याचे हे काम. सेटचा आराखडा समोर ठेवून कोणत्या भिंगातून नेमके काय दिसेल, हे ते कागदावर मांडत. त्यामुळे किती सेट उभारायचा, कॅमेरा कुठे ठेवायचा, हे आधीच ठरे आणि पैसा वाचे. ‘द टेन कमांडमेंट्स’ (१९५६), हिचकॉक यांचा ‘द बर्ड्स’ (१९६३) हे त्यांच्या कामातील काही चित्रपट. ‘द ग्रॅज्युएट’मध्ये (१९६७) मिसेस रॉबिन्सनच्या दुमडलेल्या पायाच्या चौकटीतून दिसणारा बेंजामिन ही प्रतिमाही आधी हॅरल्ड यांच्या कागदावर उतरली होती.

लिलियन यांचे काम कोणते?
लिलियन संशोधक. विशिष्ट काळातील घर, कपडे, हत्यारे कशी होती, याचे पुरावे त्या शोधून देत. १९६१ मध्ये सॅम्युअल गोल्डविन स्टुडिओच्या ग्रंथालयात त्यांनी विनावेतन सुरुवात केली. पुढे ते ग्रंथालय विकायला निघाले, तेव्हा हॅरल्ड यांच्या आयुर्विम्यावर कर्ज काढून त्यांनी ते विकत घेतले. ‘फिडलर ऑन द रूफ’साठी (१९७१) जुन्या काळातील ज्यू मुलींची अंतर्वस्त्रे कशी असत, हे कोणत्याच पुस्तकात सापडेना. तेव्हा लिलियन यांनी लॉस एंजेलिसमधील ज्यू वस्तीतल्या वृद्ध स्त्रियांनाच गाठून विचारले.

मग नाव का झाले नाही?
स्टोरीबोर्ड हे काम संपताच टाकून देण्याचे साधन मानले जाई. श्रेयनामावलीत चित्रकाराचे नाव अनेकदा नसेच. उत्तम रचलेल्या दृश्याची वाहवा दिग्दर्शकाच्या वाट्याला जाई. संशोधकाचे तर काम चोख झाले की ते दिसतच नाही. दिसते ती फक्त चूक. हॅरल्ड यांना कला दिग्दर्शनासाठी दोनदा ऑस्कर नामांकन मिळाले, ‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’ आणि ‘टर्म्स ऑफ एन्डिअरमेंट’साठी, पण ते स्टोरीबोर्डसाठी नव्हते. हे सारे सुरू असताना घरी तीन मुले होती आणि थोरल्याला स्वमग्नता होती. तेव्हा या अवस्थेचा दोष आईच्या माथी मारला जात असे.

त्यांचा वारसा कुठे आहे?
ग्रंथालयाला कायमचे घर कधीच लाभले नाही. कपोला यांचा झोट्रोप, पॅरामाउंट, ड्रीमवर्क्स अशा स्टुडिओंत ते फिरत राहिले. हॅरल्ड २००७ मध्ये गेले. २०१५ मध्ये डॅनियल रेम यांचा ‘हॅरल्ड अँड लिलियन’ हा माहितीपट कान महोत्सवात दाखवला गेला आणि या जोडप्याची खरी ओळख झाली. दीड हजारांहून अधिक खोक्यांत बंद पडलेला संग्रह अखेर ‘इंटरनेट आर्काइव्ह’ने स्वीकारला आणि २०२१ मध्ये त्याचे डिजिटल रूप खुले झाले. जे कात्रण कधीकाळी एखाद्या दिग्दर्शकासाठी शोधले गेले, ते आता घरबसल्या कोणालाही पाहता येऊ शकते. श्रेयनामावलीने नाकारलेली नोंद अशी उशिरा का होईना, झाली.