वाळू म्हणजे नदीतली पाण्याची टाकी

उन्हाळा लागला की रहिमतपूर भागातल्या गटांच्या बैठकीत दोन प्रश्न हमखास निघतात. महाबळेश्वर एवढं भिजतं, मग त्याच जिल्ह्यातलं माण-म्हसवड कोरडं का? आणि नदीतली वाळू उपसली की विहिरी का आटतात? आज दोन्हींचं उत्तर एकत्र बघू.

पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात. डोंगर चढताना हवा गार होते आणि पाणी तिथेच कोसळतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. डोंगर ओलांडून हवा खाली उतरली की ती तापते, कोरडी होते. सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरवरच्या म्हसवडला पोचेपर्यंत पाऊस साधारण ५०० मिलीमीटरवर येतो. याला पर्जन्यछाया म्हणतात. आपलं रहिमतपूर या दोन टोकांच्या मधे आहे. माणची खरी भिस्त सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसावर. तो चुकला की टँकर सुरू.

माणगंगा नदी माण तालुक्यातल्याच डोंगरात उगम पावते आणि दहिवडी, म्हसवड, आटपाडी, सांगोला असं करत पुढे भीमेला मिळते. ती वर्षातले थोडेच दिवस वाहते. बाकीचे दिवस वरून कोरडी दिसते, पण वाळूत झरा खणला की पाणी लागतं. आपल्या आज्या तेच पाणी वाटीवाटीने भरत.

आता हिशोब करू. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २,८३० लिटर मावेल एवढी जागा. वाळूच्या कणांमधे पोकळी असते. पाणी तिच्यात साठतं, आणि साधारण पाचवा हिस्सा तरी आपल्याला काढता येतो. म्हणजे एका ब्रासमधे ५५०-६०० लिटर पाणी. १५ लिटरच्या हंड्याने मोजलं तर जवळजवळ ४० हंडे! आणि ही टाकी प्रत्येक पुरात पुन्हा भरते. शिवाय उघड्या तळ्याचं पाणी एप्रिल-मेच्या उन्हात उडून जातं, पण वाळूत दोन हात खाली ऊन पोचत नाही.

ट्रॉली भरून वाळू गेली की ४० हंड्यांची ती जागा दरवर्षीसाठी गेली. खाली काळा खडक उघडा पडतो आणि पूर न थांबता निघून जातो. नदीचं पात्र खोल गेलं की काठच्या विहिरीतलं पाणी उलटं नदीकडे झिरपतं. पाऊस कमी असल्यामुळे नवी वाळू यायला कित्येक वर्षं लागतात.

आफ्रिकेत केनियाच्या मचाकोस आणि किटुई भागात अशाच कोरड्या नद्या आहेत. तिथे बचत गटांसारखे गट, त्यात बहुतेक बायाच, नदीत आडवी भिंत बांधतात, कशासाठी, तर वाळू अडवायला! वाळू साठली की तिच्यात पाणी साठतं.

घरकुलाला वाळू लागते, ट्रॉली भरणाऱ्याला रोज मिळतो, हेही खरंच. म्हणून भांडणापेक्षा हिशोब मांडलेला बरा. आपण इतकं करू शकतो:

१. दोरीला दगड बांधा, हातभर अंतरावर गाठी मारा. दर महिन्याच्या एक तारखेला विहिरीची पातळी मोजा आणि गटाच्या वहीत लिहा.

२. ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यायची असते. तिथे ही वही वाचा, ठराव लिहून घ्या आणि त्याची प्रत मागा.

३. विनापरवाना उपसा दिसला तर तलाठी किंवा तहसीलदारांना लेखी कळवा, पोच घ्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४८ प्रमाणे दंड होतो, वाहनही जप्त होतं. मात्र रात्री एकटीने गाडी अडवायला जाऊ नका. अर्ज गटाच्या नावाने, सगळ्यांच्या सह्यांनी द्या.

४. बांधकामात जिथे चालेल तिथे खडीची क्रश सँड वापरा.

पाऊस वाढवणं आपल्या हातात नाही. पडलेला पाऊस जिथे साठतो, ती टाकी जपणं मात्र आहे. पुढच्या बैठकीला दोरी आणि वही घेऊनच या.